कात्रण नेमकं कुठल्या सालचं? जुन्या अमेरिकी भयपटांच्या जाहिराती

‘किंग काँग’ची वर्तमानपत्रातली जाहिरात हाती लागली की ती १९३३ची आहे असं मानून मोकळं होऊ नका. हा चित्रपट १९३८, १९४२, १९४६, १९५२ आणि १९५६ साली पुन्हा थिएटरांत लागला. साल ठरवल्याशिवाय कात्रणाला अर्थ नाही, कारण त्यावरूनच प्रेक्षकांनी पडद्यावर नक्की काय पाहिलं ते कळतं.

आधी ही जाहिरात छापली कशी जायची ते बघू. स्टुडिओ थिएटरवाल्यांना प्रेसबुक, म्हणजे प्रसिद्धी-साहित्याची पुस्तिका, पाठवायचा. त्यात लहान-मोठ्या जाहिराती क्रमांकासह दिलेल्या असत. थिएटरवाला क्रमांक निवडायचा, मग कागदाच्या लगद्याचा साचा, म्हणजे मॅट, यायची. छापखान्यात तिच्यात वितळलेलं शिसं-मिश्रधातू ओतून ठसा काढत. थिएटरचं नाव, वार आणि वेळा तेवढ्या स्थानिक जुळाऱ्याने खाली बसवलेल्या. म्हणजे चित्र गावोगाव एकच, आणि तारखेचा पुरावा मात्र त्या खालच्या पट्टीत. कात्रण सुबक दिसावं म्हणून नेमकी तीच पट्टी कापलेली असते, याचं खरंच वाईट वाटतं.

मापाबद्दल एक खुलासा. वर्तमानपत्री जाहिरातीची उंची अगेट लाइनमध्ये मोजत. १४ अगेट लाइन म्हणजे एक इंच, त्यामुळे १०० लाइनची जाहिरात सात इंचांहून किंचित उंच भरते. तुमची थोडी लहान भरली तर तिला नकली ठरवू नका. मॅट वाळताना आकसते.

तारीख आणि वार असेल पण साल नसेल, तर कॅलेंडर काढा. ‘शुक्रवार, १३ फेब्रुवारी’ हे १९३१ला जुळतं, तसंच १९४२, १९४८ आणि १९५३लाही. म्हणून एवढ्यावर थांबू नका, कात्रणाची मागची बाजू वाचा. तिथली अर्धवट बातमी किंवा दुकानाची जाहिरात बऱ्याचदा निकाल लावते, म्हणून कात्रण वहीत कधीही चिकटवू नये. ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ एकाच तिकिटात असतील तर बहुधा १९३८ किंवा नंतरचं. ‘रिअलआर्ट’ हे जुने चित्रपट पुन्हा वितरित करणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं तर १९४७च्या आधी जायचं कारणच नाही.

आता प्रेक्षकांच्या आठवणींकडे. १९३४पासून निर्मिती संहितेची, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याच्या हॉलिवूडच्या नियमावलीची, अंमलबजावणी कडक झाली आणि जुने चित्रपट पुन्हा लावताना कात्री चालली. १९३८च्या ‘किंग काँग’मधून काँग माणसांना चावतो ती दृश्यं आणि नायिकेचे कपडे सोलण्याचा प्रसंग गेला. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तळ्याकाठच्या मुलीकडे हात पुढे होतात आणि दृश्य तुटतं. ‘ड्रॅक्युला’च्या शेवटी व्हॅन हेल्सिंग झालेला नट प्रेक्षकांशी बोलायचा, तेही उडालं. त्यामुळे एखाद्या वृद्ध प्रेक्षकाला एखादं दृश्य आठवत नसेल, तर दोष स्मृतीचा नसेल. मात्र १९३१मध्येही काही राज्यांच्या सेन्सॉर मंडळांनी ‘फ्रँकेन्स्टाइन’ कापला होता. तेव्हा निव्वळ दृश्यावरून साल ठरवता येत नाही. आधी कात्रण, मग आठवण, हाच क्रम ठेवा.

स्कॅन करताना कात्रणाच्या मागे काळा कागद ठेवा, नाहीतर पलीकडची अक्षरं उमटतात. ६०० डीपीआय, ग्रेस्केल. निव्वळ काळं-पांढरं स्कॅन केलं की हाफटोनचे, म्हणजे छापील चित्र ज्यांनी बनतं ते, बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस झालेल्या कार्लॉफच्या चेहऱ्यावरच्या सावल्यांचा काळा डाग होतो. मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या प्रतींचं नेमकं हेच होतं. डीस्क्रीन, म्हणजे स्कॅनरची ठिपके पुसट करणारी सोय, बंद ठेवून मूळ फाइल जपा, ठिपके मऊ करायचे ते प्रतीवर.

न्यूजप्रिंटमध्ये लिग्निन राहतं, म्हणून तो पिवळा पडून ठिसूळ होतो. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर मुळीच नको. पॉलिएस्टरचं पाकीट, आत क्षारीय राखीव असलेला, म्हणजे आम्ल शोषून घेणारा, कागद, आणि अंधारी, कोरडी जागा. खालची पट्टी सुटी झाली असेल तर तीही त्याच पाकिटात ठेवा.