थांबली की गरम, चालली की गार

गाडीच्या एसीचं काम बरंच पुढं सरकलंय, म्हणून ही नोंद. गाडी माझीच, जुनी पेट्रोल हॅचबॅक. परभणीत पारा सध्या 42-43 च्या घरात. जिंतूर रोडला लागलं की एसी बऱ्यापैकी गार करतो. बाजारात अडकलं किंवा फाटकावर उभं राहिलं की थोड्याच वेळात जाळीतून कोमट हवा. ज्याला विचारावं त्याचं उत्तर एकच: "गॅस कमी झालाय, भरून टाकू." गॅसचा दाब मोजणारा गेज मात्र कुणी लावला नाही. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळलाय, आणि मुळात कमी झालाय हे मोजल्याशिवाय कसं ठरवणार?

मामेभाऊ फ्रिज दुरुस्त करतो. त्याचा गेज सेट आणला. इंजिन बंद, गाडी सावलीत, बॉनेटखालचं सगळं निवलेलं असताना दोन्ही सुया 135 पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास. बाहेर 40-41 अंश असताना आर-134ए चा (या एसीतला गॅस) दाब एवढाच असतो, म्हणजे सिस्टीम रिकामी नाही हे नक्की. पण यावरून ती पूर्ण भरलीय असं समजू नका. घरातल्या सिलिंडरची शेगडी शेवटपर्यंत तशीच पेटते ना, तसं हे. आत द्रवरूप गॅस थोडा जरी शिल्लक असला तरी दाब तापमानावरच ठरतो, किती गॅस आहे त्यावर नाही.

खरी गंमत इंजिन चालू केल्यावर. लो साइड (गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरकडं परत येणारी बाजू) 60 च्या जवळ, हाय साइड (कंप्रेसरमधून दाबून बाहेर पडणारी बाजू) 300 ओलांडून चढतच निघाली. गॅस कमी असता तर दोन्ही सुया खाली राहिल्या असत्या. मामेभाऊ म्हणाला, "कामून गॅस भरायलास? कंडेन्सरला वाराच लागंना झालाय." बादलीभर साधं पाणी समोरच्या ग्रिलमधून कंडेन्सरवर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या-पात्यांवर मारलं. काही सेकंदांत हाय साइडची सुई धपकन खाली आली आणि जाळीतून गार हवा सुरू. गॅस जास्त भरलेला असला किंवा सिस्टीममध्ये हवा शिरलेली असली तरी दोन्ही दाब असेच चढतात, त्यामुळं एका बादलीवर निकाल लागत नाही. पण हायवेवर बरं आणि थांबलं की गरम असं असेल, तर आधी पंखा आणि कंडेन्सर बघायचा. त्याला पैसे लागत नाहीत.

पंखा फिरत होता, पण दमल्यासारखा. सॉकेट काढून मीटर लावला तर बारा व्होल्टच्या वर. पंखा जोडून चालू असताना मोजलं तर साडेनऊ. उरलेले व्होल्ट वाटेत कुठं तरी जात होते. रिले (पंख्याचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा स्विच) बदलून पाहिला, फरक नाही. मग पंख्याच्या मोटरचा अर्थिंगचा बोल्ट उघडला, तर टर्मिनलखाली गंजाचा थर. पॉलिश पेपरनं बॉडीचा पत्रा चकाकेपर्यंत घासला, टर्मिनल नवीन टाकलं, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. आता पंख्याचा आवाजच वेगळा येतो.

दुसरा चोर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ! रेडिएटरचे वरचे बोल्ट काढून तो थोडा मागं कलता केला, तेव्हा माल दिसला. काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू, उसाच्या पाचटाचे तुकडे आणि किडे, सगळ्याचा मिळून नमदा झालेला. आपल्याकडं कापसाच्या आणि उसाच्या गाड्यांमागून वर्षभर फिरल्यावर दुसरं काय होणार? वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट इथं अजिबात नको, ॲल्युमिनियमच्या पात्या मुडपतात. बागेच्या पाइपनं हलक्या धारेनं, रेडिएटरच्या बाजूनं समोरच्या दिशेला पाणी सोडलं. उरलेलं जुन्या टूथब्रशनं, पात्यांच्या उभ्या दिशेनं. घरातला एसी धुवायची ॲसिडची बाटली काहीजण वापरतात. मी तरी ॲल्युमिनियमवर ती ओतणार नाही.

आत्ताची स्थिती अशी: बाहेर 41, गाडी उभी, ब्लोअर मध्यम, आतली हवा फिरवणारं बटण चालू. हाय साइड 240 च्या आसपास, लो साइड 40. मधल्या जाळीत खुपसलेला थर्मामीटर 11-12 अंश दाखवतो, आधी 20 च्या खाली उतरत नव्हता. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर थोडा वेळ काचा खाली करून आतली धग बाहेर घालवायची आणि मग एसी लावायचा. फरक लगेच कळतो.

काम अजून संपलेलं नाही. हाय साइडच्या व्हॉल्व्हभोवती (जिथं गेजची नळी लागते) तेलकट धुळीचं कडं आहे आणि त्याचं टोपण गायब होतं. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळं जिथं तेलकट डाग तिथं गळतीचा संशय घ्यायचा. साबणाच्या पाण्याला अधूनमधून एखादा बारीक बुडबुडा येतो. आत रबर सील असलेलं नवीन टोपण तेवढं लावलंय. व्हॉल्व्हचा पिन बदलायचा तर आधी गॅस मशीननं काढून घ्यावा लागेल. तो हवेत सोडून देणं मला पटत नाही: एक किलो आर-134ए म्हणजे सुमारे 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवणारा माल. शिवाय हा द्रव उणे 26 अंशांना उकळतो. डोळ्यात उडाला तर डोळा जायचा, म्हणून गेज लावताना-काढताना गॉगल आणि हातमोजे हवेतच.

पुढचा टप्पा रिकव्हरी मशीन असलेल्या ठिकाणी: गॅस काढून वजन करायचं, पिन बदलायचा, व्हॅक्यूम करून सुई हलते का बघायचं (हलली तर गळती) आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकेच काट्यावर मोजून भरायचे. किती ग्रॅम निघतात ते कळलं की गळती जुनी की नवी याचा थोडा अंदाज येईल. पावसाळ्यात पुन्हा गेज लावणारच आहे. मे महिन्यातली हवा कोरडी असते. जुलैच्या दमट हवेतलं पाणी गाळताना कूलिंग कॉइलची बरीच ताकद खर्च होते, तेव्हा जाळीतले आकडे किती वर सरकतात ते बघायचंय.