रंगाआधीचे घासकाम

शिडाच्या बोटीच्या एक मीटर लांब मॉडेलचे धड, ज्याला आम्ही छंदवाले सरळ ‘हल’ म्हणतो, बांधून झाले, त्यावर तलम काचकापड अंथरून इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) चढवली, आणि आता फक्त रंग उरला असे घरच्यांना वाटले. त्यानंतरचे चार रविवार मी नुसता घासतो आहे.

इपॉक्सी दमट हवेत घट्ट होत असली की हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाचा हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग होऊन वर मेणचट साय धरते. ती पाण्याने निघते, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवावे आणि मगच घासावे; क्रम उलटा केला तर पॉलिश पेपर तीच साय ओरखड्यांत भरतो आणि प्राइमर, म्हणजे रंगाखालचा थर, धरत नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत कसली आली आहे साय, या माझ्या समजुतीपायी पहिल्या बोटीचा प्राइमर पापुद्र्यांनी सुटला होता. तिची इपॉक्सी मी भर श्रावणात चढवली होती, एवढे सोयीस्करपणे विसरलो होतो.

घासताना 120 नंबरचा पेपर लवचीक लाकडी पट्टीला चिकटवून घ्यावा, कारण बोटांत धरलेला पेपर खळग्यात शिरून तो अधिकच खोल करतो. आधी धडावर पेन्सिलीच्या तिरप्या रेघा ओढाव्यात: पट्टी फिरल्यावर जिथे रेघ शिल्लक राहते तो खळगा. काचकापडाचा विणीव भाग उघडा पडू लागला की तिथे हात आवरावा आणि भोवतीचा भाग भरून घ्यावा. मोठ्या खळग्यांना इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड) कालवून भरतात; टाचणीएवढ्या छिद्रांना मोटार रंगवणाऱ्यांची लांबी (पुट्टी) पुरते, मात्र ती पातळच ओढावी, जाड थर सुकताना आक्रसतो.

प्राइमर माझ्या मते दोष शोधण्यासाठीच असतो. करड्या प्राइमरवर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून 400 नंबरच्या ओल्या पेपरने घासले की उरलेले खळगे काळे राहतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की फवाऱ्याचे थेंब वाटेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो, म्हणून फवारणी पहाटेच. शेवटचे पुसणे मात्र आपल्या सोलापुरी टॉवेलाने करू नये, त्याचे तंतू चिकटतात. जुने धोतर उत्तम.

काल रात्री दिवे घालवून टॉर्च आडवी धरली, तेव्हा किलच्या (बोटीच्या तळाच्या उभ्या पात्याच्या) खाचेजवळ आणखी दोन छिद्रे सापडली. लांबीची डबी पुन्हा उघडली आहे.