सहा वाजता सुटलेला पोरगा

संध्याकाळचे सहा वाजले की हजेरीच्या स्क्रीनवर एकेक ओळ लाल व्हायला लागायची. सकाळी नऊला अंगठा लावलेल्या पोरांचे नऊ तास भरले आणि बाहेर पडल्याचा अंगठा लागला नाही, याची ती खूण. सात वाजता एरिया मॅनेजरचा मेसेज यायचा, ‘सगळं हिरवं करा.’ मग मी एकेका नावावर क्लिक करून जाण्याची वेळ १८:०० टाकायचो आणि कारणांच्या यादीतून ‘पंच विसरला’ निवडायचो. ओळ हिरवी व्हायची. ज्याचं नाव त्या ओळीत असायचं, तो तेव्हा पाठीवर बॅग घेऊन अनगोळच्या नाहीतर कंग्राळीच्या कुठल्या तरी गल्लीत घर शोधत असायचा.

बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला एका डिलिव्हरी कंपनीचा हब आहे. तिथं मी शिफ्ट इन-चार्ज. पोरं कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर, रोस्टर कंपनीचा, आणि तो रोस्टर पाळून घेणारा मी. हे काम मी दीड वर्ष रोज केलं. जबरदस्ती कुणी केली नव्हती. वरून बेंगळुरूहून येणाऱ्या तक्त्यात प्रत्येक हबसमोर जादा तासांचा रकाना असायचा आणि तो शून्य असला की मॅनेजरची पाठ थोपटली जायची. मॅनेजर खूश, म्हणजे मला त्रास नाही. एवढंच गणित होतं.

रोस्टर रात्री साडेदहाला फोनवर पडायचा, दुसऱ्या सकाळचा. कागदावर नऊ ते सहा. पण हुबळीची गाडी सातला लागायची आणि ती उतरवायला पोरं सातलाच हजर पाहिजेत. अंगठ्याचं मशीन मात्र नऊच्या आधी घ्यायचंच नाही. म्हणजे सकाळचे दोन तास लिहायची सोयच नव्हती, आणि संध्याकाळचे मी पुसायचो. सुट्टी बुधवारी लावलेली असली तर मंगळवारी रात्री ती ‘पुढे ढकलली’ जायची. बदली सुट्टी मिळेल, असं सांगायचे. ती कुणाला मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

तक्रार का नाही झाली, असं बाहेरचा माणूस विचारेल. गणपतीत एकानं विचारलं होतं, सर, जादा तासांचं काय? त्याला दुसऱ्या दिवसापासून जांबोटीचा रूट लागला. तो रस्ता ज्यानं केलाय त्याला ठाऊक आहे. दोन्ही बाजूंनी जंगल, फोनला रेंज नाही. ओटीपी येत नाही म्हणून पार्सल दारात नेऊनही देता येत नाही, गिऱ्हाईकाला घेऊन रेंज मिळेल तिथवर चालत जायचं. दिवसाला वीस पार्सलं होईनात म्हणून त्याचा इन्सेंटिव्हही गेला. कुणी त्याला रागावलं नाही, नोटीस नाही, काही नाही. फक्त रोस्टर बदलला. बाकीच्यांना एवढं पुरलं.

२०२३ ची दिवाळी आठवड्यावर आली होती. शनिवार. सेलचा माल दोन गाड्यांतून यायचा, त्यातली दुसरी दुपारी साडेतीनला आली. येळ्ळूरचा एक पोरगा होता, चोवीस वर्षांचा, कामाला लागून चार महिने झालेले. मच्छे, झाडशहापूर, देसूर हा त्याचा पट्टा. सहाच्या सुमाराला तो पहिली फेरी संपवून आला तेव्हा रॅकमध्ये त्याची एकोणीस पार्सलं पडून होती.

माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, “सर, हे उद्या सकाळी लवकर जाऊन टाकतो की. आज आईनं भाजणी दळून आणायला सांगितल्या. गिरणी आठला बंद होत्या.” आणि बॅगेतला स्टीलचा डबा काढून दाखवला. झाकणाला सुतळी बांधलेली.

मॅनेजरचा फोन नुकताच येऊन गेला होता. आज पेंडिंग शून्य पाहिजे, म्हणाला होता. मी पोराला म्हटलं, “एवढं करून ये रे. सोमवारी तुला लवकर सोडतो.”

तो गेला. सातला मी त्याची ओळ हिरवी केली.

पावणेदहाला त्याच्या फोनवरून फोन आला, आवाज दुसऱ्याच कुणाचा. झाडशहापूरच्या पुढं उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गाडी सरळ आत घुसली. पोरगा रोकड भरायला हबकडंच परत येत होता.

सिव्हिलला पोचलो तेव्हा त्याला आत घेतलं होतं. उजव्या नडगीचं हाड मोडलेलं, मनगट सुजलेलं, शुद्धीवर होता. हवालदारानं बॅग माझ्या हातात दिली. आत सात पार्सलं होती, रबर लावलेली रोकड होती, आणि तो डबा. सुतळी सुटली नव्हती. भाजणी तशीच, न दळलेली. बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसलो होतो आणि तिच्यातून भाजलेल्या धण्या-जिऱ्याचा वास येत होता.

मॅनेजरला फोन केला. पोरगा शुद्धीत आहे का, डॉक्टर काय म्हणाले, हे त्यानं आधी विचारलं. हे सांगायला हवं. मग थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “त्याचं पंच-आऊट किती वाजताचं आहे ओ?”

“सहा.”

“मग तो सुटला होता की. सुटल्यावर स्वतःच्या कामाला गेला असंल. तुम्ही तिथं कुणाला काही लिहून देऊ नका.”

फोन ठेवला तोवर त्याचे वडील येळ्ळूरहून आले होते. भावकीतला एकजण मोटारसायकलवर घेऊन आलेला. अंगावर शेतातलेच कपडे. मला ओळखत नव्हते, हबचं नाव शर्टावर बघून जवळ आले. “सायब, तो कामावरच होता न्हवं?” एवढंच विचारलं त्यांनी. पैशाचं नाही, नुकसानीचं नाही. पोरगा रात्री दहाला त्या रस्त्यावर काय करत होता, हे बापाला माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हटलं, “होय काका, कामावरच होता.” आणि म्हणताना मला कळलं की माझ्याच हातचं लिहिलेलं याच्या उलट आहे.

एक वाजता हबवर परत आलो. हजेरी उघडली. त्याची ओळ हिरवी, १८:००, ‘पंच विसरला’, खाली माझं लॉगिन. मग डिलिव्हरीची नोंद उघडली. ही दुसरी यंत्रणा, हजेरीशी तिचा संबंध नाही. गिऱ्हाईकानं ओटीपी सांगितला की त्या क्षणाची वेळ तिथं बसते आणि ती कुणालाच बदलता येत नाही, मलाही नाही. त्याची शेवटची वेळ होती रात्री ९:२२. पाच दिवसांपूर्वीची ९:५१. त्याच्या आदल्या दिवशीची १०:०८.

झोप येणार नव्हती. मी कागद घेतला आणि मागच्या सव्वीस कामाच्या दिवसांचा त्याचा सहा ते शेवटचा ओटीपी असा हिशोब मांडला. सत्त्याण्णव तास. सकाळी गाडी उतरवायचे तास धरलेच नाहीत. त्याचा पगार १५,६०० रुपये, म्हणजे सव्वीस दिवसांनी दिवसाला सहाशे, आठ तासांनी तासाला पंच्याहत्तर. जादा तासाला दुप्पट, दीडशे. सत्त्याण्णव तासांचे झाले १४,५५०. जवळजवळ एक अख्खा पगार, एका महिन्यात, एकट्या पोराचा. आणि हबवर अशी एकतीस पोरं होती.

दुप्पटीचा आकडा मला त्याच रात्री कळला, हे लाजिरवाणं आहे पण खरं आहे. दाराजवळच्या भिंतीवर कामगार कायद्याचा फ्रेम केलेला कन्नड फलक आहे. मी मराठी शाळेत शिकलो. कन्नड बोलतो, बाजारापुरतं वाचतो, पण ती बारीक छपाई कधी वाचायला गेलो नाही. पोरांचीही तीच गत. नेमणुकीचं पत्र इंग्रजीत, फलक कन्नडमध्ये, आणि आम्ही सगळे येळ्ळूर, उचगाव, बेकिनकेरेचे. रात्रपाळीला गोकाककडचा एक हमाल होता. चहा घेताना त्याला म्हटलं, जरा वाचून दाखव बघू यात तासांचं काय लिहिलंय. तो टॉर्च मारून बोट फिरवत वाचायला लागला, “ओंबत्तु गंटे...” मी त्याच्याकडं बघतच राहिलो म्हणून थांबला आणि म्हणाला, “गंटे अंद्र तासु, सर.”

दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. जादा धरूनही दिवसाला दहाच्या वर नाही. तीन महिन्यांत जादा पन्नास तासांच्या वर नाही. जादाला दुप्पट मजुरी. मधल्या विश्रांतीसकट सगळी हजेरी बारा तासांत संपली पाहिजे. कर्नाटकचा दुकानं आणि आस्थापनांचा १९६१ चा कायदा. आमच्या पोरांचा दिवस सात ते दहा, पंधरा तासांचा. म्हणजे नुसते पैसे बुडवल्याची गोष्ट नव्हती. पैसे दिले असते तरी एवढे तास घेताच येत नव्हते, आणि म्हणूनच ते कागदावर कधी दिसता कामा नयेत.

दुसऱ्या दिवशी रविवार. ओळखीच्या एका वकिलांकडं जाऊन बसलो. त्यांनी ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, जे सांगितलं, त्यानं माझे हातपाय गार पडले. आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, पण नव्या माणसाला त्यासाठी पहिले नऊ महिने जावे लागतात. आमच्या पोराचे चारच झाले होते. औषधपाणी मिळालं असतं, घरी पैसे नाहीत. तोच पाय कामावर असताना मोडला असेल तर थांबायचं कारण नाही. पहिल्या दिवसापासून हक्क, ९० टक्के, आणि कामावर जाता येईपर्यंत. मी ‘१८:००’ टाकलं त्याचा अर्थ हा होता. मला वाटायचं मी तास पुसतोय. मी तो पोरगा त्या रस्त्यावरून पुसला होता.

सोमवारी अपघाताचा अहवाल, बारा नंबरचा फॉर्म, भरायची वेळ आली. तो भरायचा मालकानं, म्हणजे कंत्राटदारानं. त्याचा माणूस हबवर येऊन म्हणाला, वेळेचा रकाना तेवढा मोकळा सोडा, आम्ही बघतो. मी तिथं ‘रात्री ९:४०, ड्युटीवर, रोकड जमा करण्यासाठी हबकडे परतताना’ असं लिहिलं. सोबत ओटीपीची यादी जोडली, रनशीट जोडलं, सात परत आलेल्या पार्सलांची आणि रोकड भरल्याची पावती जोडली. वेगळ्या कागदावर लिहिलं की १८:०० ही वेळ मी स्वतः टाकलेली आहे, ती खोटी आहे, आणि मेसेज कुणाचा, किती वाजताचा, तेही. सही केली. एक प्रत कंत्राटदाराला, एक मॅनेजरला, एक ईएसआयच्या ऑफिसात दिली आणि शिक्का मारून घेतला.

मॅनेजर त्या दिवशी माझ्यावर ओरडला नाही. केबिनचं दार लावून म्हणाला, “तुम्ही मला आणि स्वतःला, दोघांना अडकवलं.” मी म्हटलं, “होय. पण तो पोरगा कामावर होता.” यापुढं आम्हा दोघांनाही बोलायला काही उरलं नव्हतं. त्याच्याही घरी लहान पोरं आहेत, कर्ज आहे, मला ठाऊक आहे. तरी मी त्याला माफ केलेलं नाही, आणि माझं मलाही केलेलं नाही. त्या संध्याकाळी “उद्या जा” म्हणायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

ईएसआयची माणसं दोनदा येऊन चौकशी करून गेली. कागद ओटीपीशी जुळत होते. अपघात कामावरचा धरला गेला आणि घरी पैसे यायला लागले, उशिरा, पण आले. पाय बरा व्हायला अकरा आठवडे लागले. पोरगा परत डिलिव्हरीला आला नाही, आता मच्छेच्या एका कारखान्यात लेथवर आहे. बुडालेल्या तासांसाठी सहा जणांनी कामगार खात्याकडं अर्ज केला. बाकीच्यांनी केला नाही. त्यांना मी दोष देत नाही, जांबोटीचा रूट सगळ्यांना आठवतो. अर्ज अजून चालू आहे, तारखा पडताहेत.

माझा रोस्टरही बदलला. रात्री अकराला हब बंद करायचा आणि सकाळी सहाला उघडायचा, आठवड्यातून चार दिवस. मीही माझ्या वेळा आता डायरीत लिहितो, सही कुणाची तरी घेतो, बहुतेक त्या गोकाकच्या हमालाची.

हजेरीची वेळ बदलायचं बटण माझ्या लॉगिनला आता दिसत नाही. फक्त यादी दिसते. कालही रात्री हब बंद करायच्या आधी उघडून बघितली. अकरा पोरं अजून बाहेर होती, त्यांच्या गाड्यांची जागा रिकामी होती. सगळ्या ओळी हिरव्या होत्या.