तुम्ही विचारलंत म्हणून: बायकांचं कसलं स्थलांतर?

मजुरांच्या स्थलांतरावर अभ्यास करते म्हटलं की सोलापुरात हमखास विचारतात, "मग गडीमाणसांशी बोला की. मुस्लिम बायका तर घरातच असतात, त्यांचं कसलं स्थलांतर?"

२०११ च्या जनगणनेत गाव सोडण्याचं कारण विचारलं होतं आणि बायकांचं सर्वांत मोठं कारण निघालं लग्न. खोटं नाही ते. पण कलबुर्गीकडून किंवा अक्कलकोटाहून इथं नांदायला आलेली मुलगी थोड्याच दिवसांत सासूशेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसते. सून बघायला गेलेल्या सासवांनी "हाथ चलता क्या?" हे आधीच विचारलेलं असतं. तरी कामासाठी आलेल्यांच्या रकान्यात तिची नोंद होत नाही. नवरा भिवंडीला गेला की तो स्थलांतरित मजूर. त्याचे पैसे लांबले तर जिच्या विड्यांवर चूल पेटते, ती मात्र 'घरातच'.

"पडद्यामुळं घरी वळतात," असंही ऐकवतात. मला हे पटत नाही. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका इथं मोठ्या संख्येनं विड्या वळतात, त्याही घरीच. घरी काम दिलं की कारखानदाराचा जागेचा आणि दिव्याचा खर्च वाचतो. मजुरी हजार विड्यांवर. पानं भिजवण्यात, कापण्यात गेलेल्या वेळाचे आणि खराब म्हणून छाट काढलेल्या विड्यांचे पैसे कोण देणार? धर्म आडवा येतो तो दुसरीकडं, भाड्याची खोली शोधताना. नाव ऐकलं की खोली 'कालच गेलेली' असते. म्हणून ही कुटुंबं नात्यातल्यांच्या आसऱ्यानं त्याच त्या मोहल्ल्यांत दाटीनं राहतात, आणि ती ओळखही बहुधा बायकांच्या माहेरच्या नात्यातून निघते. एकीच्या मागून तिची मावसबहीण येते, मग भाची.

माझा जीव अडकतो तो कारखान्यानं दिलेल्या कामगार कार्डापाशी. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी वळणारीलाही कामगार मानलं. त्यामुळं कारखान्याच्या कार्डाला मोल आहे, पीएफ त्यावरच जमतो. पण अनेक घरांत कार्ड सासूचं आणि हात सुनेचे. तलाक झाला किंवा नवऱ्यानं दुसरीकडं बिऱ्हाड केलं, तर वर्षानुवर्षं विड्या वळलेली ती बाई माहेरी परतते तेव्हा आपण काम केल्याचा एक कागदही तिच्याकडं नसतो. हे कळायला तिच्याशीच बोलावं लागतं.