वास जाईपर्यंत

पुण्यातल्या एका टँकवर मी अकरा वर्षं लहान मुलांना पोहायला शिकवते. मे महिन्यात सकाळी सहापासून बॅचमागून बॅच. लोकांना आमची शिट्टी दिसते. पाण्यामागची कामं दिसत नाहीत, आणि मला त्यांचाच जास्त अभिमान आहे. म्हणूनच मागच्या उन्हाळ्यातली ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही.

आठ वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिची आई तडक पंपरूमपाशी आली. मुलगी त्या दिवशी पाण्यात उतरलीच नव्हती. आईने तिची लेगिंग वर सरकवली. गुडघ्यांच्या मागे कातडी लाल, तडकलेली, एका जागी खाजवून रक्त आलेलं. कोपरांच्या लवणीतही तेच.

"मॅडम, पाण्यात ॲसिड घालता का तुम्ही?"

मला राग आला. पाण्याची मोजणी मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. तिच्यासमोरच किट काढलं. नळीत दहा मिली पाणी, त्यात क्लोरीन मोजायची डीपीडीची एक नंबरची गोळी चुरडून टाकली. गुलाबी रंग तक्त्याशी लावला, मोकळा क्लोरीन दीड पीपीएम, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत दीड भाग. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी याचं माप, 7.5. दोन्ही हवे तिथे. मग त्याच नळीत तीन नंबरची गोळी टाकली. ही गोळी पुष्कळ ठिकाणी वापरतच नाहीत. पिवळ्या रंगाच्या ओटी टेस्टवर भागवतात, तिच्यात मोकळा क्लोरीन किती आणि घाणीशी बांधला गेलेला किती, हे वेगळं कळत नाही. रंग गडद झाला. एकूण क्लोरीन 2.3. त्यातून मोकळा दीड वजा केला की उरतो बांधला गेलेला, म्हणजे 0.8 पीपीएम क्लोरामाइन. 0.4 च्या वर गेलं की मी बेचैन होते, इथे त्याच्या दुप्पट.

डोळे झोंबवणारा तो "टँकचा वास" क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास येतो. पाण्यात उतरण्याआधी नुसतं एक मिनिट शॉवरखाली उभं राहिलं तरी अंगावरचं बरंच निघून जातं. पण "घरून आंघोळ करूनच आलोय" हे मी रोज ऐकते. पोरं निदान ओरडल्यावर तरी भिजतात. मोठी माणसं पाठ वळली की कोरडीच उडी मारतात, आणि संध्याकाळी पाण्याच्या तक्रारीही तीच लिहितात.

हे सगळं मी आईला तावातावाने सांगत होते. मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना, वास जाईपर्यंत धुवायचं."

खरंच, मीच सांगत आले होते. प्रत्येक बॅचला, पहिल्याच दिवशी. घरी गेल्यावर साबण लावून खसखसून आंघोळ करा, क्लोरीनचा वास जाईपर्यंत. या पोरीने ते शब्दशः पाळलं. कडकडीत पाणी, जंतुनाशक साबण, घासणी, आणि वास जात नाही म्हणून परत तेच. तो जाणार कसा? क्लोरीन कातडीतल्या प्रथिनांना धरून बसतो, घासून सगळा निघत नाही. निघतं ते कातडीचं स्वतःचं तेल.

तिला लहानपणापासून एक्झिमा होता. फॉर्मवरचा 'त्वचाविकार' हा रकाना आईने कोरा सोडला होता. "लिहिलं असतं तर घेतलं नसतं," ती म्हणाली. यावर मला काही बोलता आलं नाही. त्या रकान्यात काही लिहिलं की आमच्या ऑफिसातून मूल परत जातं, आजार पसरणारा आहे की नाही हे कुणी विचारत नाही. एक्झिमा पसरत नाही.

त्या रात्री पंपावरच्या मामांनी 0.8 च्या दहापट, 8 पीपीएम क्लोरीनचा डोस दिला. क्लोरामाइन तोडायला तेवढा लागतो. सकाळच्या बॅचेस बंद ठेवल्या, त्यावरून फी परत मागणारे फोन आले.

तिच्या त्वचेच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलले. त्यांचं म्हणणं असं: बाहेर आल्या आल्या टँकवरच साध्या पाण्याने अंग धुवायचं, ओल्या कॉस्च्यूममध्ये स्कूटरवर बसायचं नाही. कोमट पाणी, पाचेक मिनिटं, बिनवासाचा सौम्य क्लेन्झर. टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, जाड क्रीम. साध्या साबणाचा पीएच नऊ-दहा असतो, कातडीचा साडेपाचच्या आसपास. पाण्याचा पीएच रोज मोजणाऱ्या मला कातडीचा पीएच अकरा वर्षांत कधी आठवला नाही.

पोहण्याआधी लवणींत व्हॅसलिनचा पातळ थरही त्यांनी सांगितला. इथे मी अडले. खोबरेल चोपडून आलेल्या मुलांना मी परत पाठवते, कारण तेलाने फिल्टरच्या वाळूचे गोळे होतात आणि ते बॅकवॉशने, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतला तरी, सुटत नाहीत. शेवटी तिला परवानगी दिली, फक्त लवणींपुरती, आणि थर माझ्यासमोर लावायचा.

जखमा भरल्यावर, तीन आठवड्यांनी ती परत आली. पोहून झाल्यावर शॉवर घेतला, अंग टिपलं, आईने क्रीम लावलं. मग तिने मनगट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, वास येतोय अजून."

"येऊ दे," मी म्हटलं.