मेलाके आणि बार्रा: थंडीतले सहा आठवडे, आणि जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं

कॅनडातल्या आमच्या कॅलगरीत जानेवारी लागला की आमच्या गल्लीतली निम्मी रिटायर्ड मंडळी गायब होतात. बर्फ उपसायचं फावडं शेजाऱ्याच्या हवाली करायचं, नळाचं पाणी बंद करायचं आणि थेट मार्चअखेर रापलेलं तोंड घेऊन उगवायचं. इतकी वर्षं तो शेजारी म्हणजे आम्हीच होतो. २०२४ मध्ये मी पण नोकरीतून सुटले, नवरा आधीच सुटलेला, मग म्हणलं यंदा फावडं दुसऱ्याला देऊ. २०२५ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मेक्सिकोला गेलो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर परत आलो. खूप जणांनी विचारलं म्हणून लिहितेय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

गाव मेलाके. पूर्ण नाव सान पात्रिसियो मेलाके, मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हालिस्को राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला. शेजारी पाचेक किलोमीटरवर बार्रा दे नाविदाद, आणि मध्ये एकच लांबलचक वाळूचा पट्टा, सकाळी लवकर निघालं तर किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जाता येतं आणि येताना लोकल बस पकडायची. मेक्सिको म्हटलं की कॅनकून वगैरे बड्या हॉटेलांचं जे डोळ्यासमोर येतं ते इथे काहीच नाही. आमचं मूळ गाव दापोलीकडचं, त्यामुळे पहिल्या दिवशी नवरा गच्चीत उभा राहून माडांकडे बघत म्हणाला, पस्तीस वर्षांपूर्वी कोकण सोडलं ते इथे यायला का.

आधी नावाचा घोळ सांगते, कारण त्यात लोक फसतात. मान्सानियो हे मोठं बंदर, शेजारच्या कोलिमा राज्यात. ला मान्सानिया हे वेगळंच छोटं गाव, मेलाकेच्या उत्तरेला, तिथे खारफुटीत मगरी आहेत. विमानतळ मान्सानियोचा, पण तो शहराच्या आधीच, बार्राच्या बाजूला येतो, टॅक्सीने अर्धा-पाऊण तास. आत काउंटरवर ठरलेल्या भावाचं तिकीट घ्यायचं, बाहेर घासाघीस करत बसू नका. तिकडचं तिकीट महाग पडलं तर पुएर्तो वायार्ताला उतरून बसने या, बस चांगल्या असतात पण हायवे २०० वळणावळणाचा आहे, चार-पाच तास धरा, उलटीची गोळी आधीच घ्या (मी घेतली नाही). आणि त्या रस्त्यावर रात्री गाडी चालवायची नाही, हे गावातले लोकच सांगतात. हालिस्को आणि कोलिमाबद्दल कॅनडा-अमेरिकेच्या सरकारी प्रवास सूचना असतात, त्या निघायच्या आधी वाचा, घाबरायला म्हणून नव्हे, तुमची विमा कंपनी त्या वाचते म्हणून. आम्हाला सहा आठवड्यांत काही त्रास झाला नाही, पण आम्ही आठनंतर गावाबाहेर पण पडलो नाही.

व्हिसा. कॅनडा-अमेरिकेचा पासपोर्ट असेल तर लागत नाही. नणंद मध्ये दोन आठवडे येऊन गेली, तिचा भारतीय पासपोर्ट, पण अमेरिकेचा चालू व्हिसा होता त्यामुळे तिलाही मेक्सिकोचा वेगळा लागला नाही. कॅनडा, यूके, जपान, शेंगेनचा चालू व्हिसा किंवा त्या देशांतलं पर्मनंट रेसिडेन्स असेल तरी चालतं. जास्तीत जास्त १८० दिवस मिळतात, पण "जास्तीत जास्त" हा शब्द महत्त्वाचा, किती दिवस द्यायचे ते समोरचा अधिकारी ठरवतो, म्हणून खिडकीवरून हलायच्या आधी शिक्क्यावरचा आकडा बघा. आणि इकडून किती दिवस बाहेर राहता येतं तेही बघा. ओंटारियोत सरकारी आरोग्य विमा टिकवायला वर्षात २१२ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहता येत नाही, दुसऱ्या प्रांतांचे आपापले नियम आहेत. ज्यांना पेन्शनवर जीआयएसची (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना कॅनडा सरकार देतं ती) भर मिळते त्यांची ती सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की थांबते. आपल्याकडचे बरेच आईवडील कॅनडात उशिरा आलेले असतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

आम्ही समुद्रापासून दोन गल्ल्या आत घर घेतलं, एक खोली, ओटा, वर गच्ची, महिन्याला १६,००० पेसो. तेव्हा कॅनेडियन डॉलरला साधारण १४ पेसो होते, हिशोब करा. समोरासमोर समुद्र हवा असेल तर भाडं बरंच वाढतं, शिवाय मेलाकेच्या लाटा रात्री धाडकन आपटतात, हौशीने घेतलेले दोघे शेजारी कानात बोळे घालून झोपायचे. दोन गल्ल्या आत समुद्र ऐकू येत नाही, कोंबडे येतात. आणि कुत्री, आणि गॅसवाल्याची गाडी गाणं वाजवत, पाणीवाला ओरडत, भोंग्यावर संत्री विकणारा. ज्यांना शांतता हवी त्यांनी येऊच नका खरंतर. पाणी प्यायला वीस लिटरचा गार्राफोन, म्हणजे पाण्याचा मोठा बाटला, घ्यायचा, रिकामा द्यायचा भरलेला घ्यायचा, नळाचं पाणी तोंडात नको. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात, हे सगळीकडे. बूट घालायच्या आधी झटकायचे, विंचू असतात. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी आमची चप्पल उचलून आपटून दाखवली, तिथे भाषेची गरजच पडली नाही.

या बाई, मी त्यांना दोन्या म्हणायचे, तिकडे वयाने मोठ्या बाईला नावाआधी तसंच लावतात. हिवाळ्यात स्वतःच्या घराच्या चांगल्या खोल्या पाहुण्यांना देतात आणि स्वतः मागच्या पडवीत झोपतात. मला सीझनमधलं आमच्याकडचं कोकण आठवलं, घरचे माजघरात आणि एसीच्या खोलीत पुणेकर.

आता आमची गंमत. गावात हिवाळ्यात येणारे बहुतेक पश्चिम कॅनडाचे गोरे. त्यांचा दिवस आखलेला, सकाळी बीचवर चालणं, दहाला पाण्यातला व्यायाम, मंगळवारी पत्ते, संध्याकाळी सूर्यास्ताला बिअर, आणि रात्री नऊ वाजले की सगळीकडे सामसूम, त्याला ते स्वतःच हसून ग्रिंगोंची, म्हणजे गोऱ्या परदेशी लोकांची, मध्यरात्र म्हणतात. आणि आम्ही दोघं सावळे. बुधवारी मेलाकेत आठवडी बाजार भरतो, तियांगिस, तिथे मी पपई निवडत होते तर एका कॅनेडियन आजीबाईंनी माझ्या हातातल्या पपईकडे बोट दाखवून विचारलं, कुआन्तो? म्हणजे केवढ्याला? मी म्हणलं मी कॅलगरीची. त्या म्हणाल्या अगबाई, मी पण! मग मैत्री झाली ती निघेपर्यंत टिकली. गावकरी मात्र धडाधड स्पॅनिश बोलायचे आणि आम्ही खांदे उडवले की आम्हाला शिष्ट समजायचे. म्हणून सांगते, आपल्या रंगाच्या माणसाने थोडं स्पॅनिश शिकूनच जावं, गोऱ्याला माफ असतं ते आपल्याला नसतं. निदान सकाळी रस्त्यात दिसेल त्याला बुएनोस दियास, म्हणजे सुप्रभात, म्हणायचंच. आणि एक शब्द मला फार आवडला, खानावळीतून उठताना बाकी जेवणाऱ्यांना "प्रोवेचो" म्हणत जातात, ओळख असो नसो. आपल्या पंगतीतलं "सावकाश होऊ द्या" बघा, अगदी तेच.

खाण्याचं सगळ्यात जास्त विचारतात. शाकाहारींना त्रास आहे पण उपाशी राहत नाही. बाहेरच्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते, तिला मान्तेका म्हणतात, आणि लाल भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा "सिन कार्ने" (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, नेमकं विचारा. घरी मात्र मजा. मसूर प्रत्येक दुकानात, लेंतेहास म्हणायचं. काबुली चणे, कोथिंबीर, हिरवी मिरची, आपल्यासारखी छोटी रसाळ लिंबं. घोळू म्हणजे घोळ, ती भाजी तिकडे वेर्दोलागास. गूळ पिलोन्सियो नावाने ढेपेच्या शंकूत. चिकू तर मूळ तिकडचाच. आग्वा दे हामाइका म्हणून जे लालभडक सरबत मिळतं ते अंबाडीच्या बोंडांचं. मी इथून हळद, हिंग, मोहरी आणि गोडा मसाला नेला तेवढं पुरलं. कुकर नेऊ नका, मी नेला आणि सिक्युरिटीत बॅग उघडायला लागली, तिकडे राजमा शिजवायला घरोघरी कुकर असतो. पोळ्या करायचा उत्साह पहिल्या आठवड्यात संपला कारण कोपऱ्यावर गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, किलोवर मिळतात, पंचवीसेक पेसो, स्वतःचं फडकं घेऊन जायचं.

बार्राला एकदा तरी जाच, खरंतर नवऱ्याचं मत आहे राहायलाच बार्रात राहायला हवं होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये गावाची चिंचोळी पट्टी. खाडीपलीकडे कोलिमिया म्हणून वस्ती आहे, होडीने जाऊन मासे खाऊन यायचं. १५६४ च्या नोव्हेंबरात लेगास्पी या स्पॅनिश सरदाराची गलबतं इथूनच फिलिपिन्सला निघाली, आणि पुढच्या वर्षी त्याच्याबरोबरच्या उर्दानेता या धर्मगुरूने परतीची वाट शोधली. मग अडीचशे वर्षं मनिला ते मेक्सिको जहाजं ये-जा करत होती (नंतर बंदर अकापुल्को झालं). हे कोरडं वाटेल, पण त्याचा पुरावा ग्लासात मिळतो. रस्त्यावर खांद्यावर भोपळे लटकवलेला माणूस तुबा विकत असतो, माडाचा रस, वर शेंगदाणे आणि सफरचंदाचे तुकडे. ती विद्या फिलिपिनो खलाशांनी आणलेली. नवऱ्याने पहिला घोट घेतला आणि म्हणाला, अगं ही नीरा आहे! दुपारनंतर प्यायला तर माडीकडे झुकलेली असते, सकाळीच प्या. बार्राच्या चर्चमध्ये हात खाली लोंबणारा ख्रिस्त आहे, १९७१ च्या चक्रीवादळात मूर्तीचे हात निखळून खाली आले आणि वादळ तिथेच शमलं असं गावकरी सांगतात. वादळं जून ते ऑक्टोबरची गोष्ट, आपण जातो तेव्हा आभाळ कोरडं. भूकंपाला मात्र सीझन नसतो. १९९५ च्या ऑक्टोबरात इथे मोठा भूकंप होऊन समुद्र आत आला होता, त्यामुळे जमीन जोरात आणि बराच वेळ हलली तर फोनवर मेसेज येण्याची वाट न बघता टेकडीकडे चालायला लागायचं.

एका संध्याकाळी कासवाची पिल्लं सोडायला गेलो. ऑलिव्ह रिडलेच, आपल्या वेळासला येतात तीच जात. मेक्सिकोत कासव मारायला १९९० पासून पूर्ण बंदी आहे. पन्नास म्हाताऱ्या माणसांनी दोन ओळी करून श्वास रोखून बघितलं, आणि एक पिल्लू उलटं गच्चीच्या दिव्याकडे निघालं तर सगळे "नो नो" करत ओरडले, जसं काही त्याला इंग्रजी येतं. जाताना मच्छर आणि वाळूतल्या बारीक माशांसाठी पायाला औषध लावून जा, मला दोन्ही घोट्यांवर आठवडाभर फोड होते.

आता जरा न आवडणारं. औषधाच्या दुकानाला लागून डॉक्टर बसतात, अगदी किरकोळ फी, खोकला-पोटासाठी उत्तम. पण मोठं काही झालं तर मान्सानियोला, तासभर लांब. त्यामुळे प्रवासविमा घ्याच, आणि त्यातली "स्टेबल" ही अट नीट वाचा. नवऱ्याची बीपीची गोळी ऑक्टोबरात बदलली होती, एवढ्याने त्याचा बीपी "अस्थिर" ठरला आणि त्या आजाराचं कव्हर गेलं, वेगळे पैसे भरून घ्यावं लागलं. निघायच्या आधी तीन-चार महिने डॉक्टरला गोळ्या बदलायच्या असतील तर विचारून बदला. समोर कॅनडातल्याच सस्कॅचवनच्या एक बाई राहायच्या, वय ७९, त्यांचा चौदावा हिवाळा, नवरा चार वर्षांपूर्वी गेला तरी येतात. यंदाचा विम्याचा हप्ता भाड्यापेक्षा जास्त झाला म्हणाल्या, पुढच्या वर्षी जमणार नाही. भांडीकुंडी वाटत होत्या. मला एक झारा दिला.

आणि घर विकत घ्यायचं भूत. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला चढतं, आम्हालाही चढलं. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला थेट जमीन घेता येत नाही, बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावी लागते, त्याला फिदेइकोमिसो म्हणतात, मुदत ५० वर्षं, पुढे वाढवता येते. गावाच्या सामायिक मालकीची एहिदो जमीन असते, ती कुणी "स्वस्तात देतो" म्हणालं तर नमस्कार करून निघा, कागद कितीही चकचकीत असू देत. दोन हिवाळे भाड्याने राहा, मग बोला.

६ जानेवारीला दोन्यांनी आम्हाला रोस्का खायला बोलावलं, गोल गोड पाव, आत प्लास्टिकचं बाळ लपवलेलं. माझ्या तुकड्यात आलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले, मला कळेना का, मग कळलं की ज्याला बाळ मिळतं त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामालेस खायला घालायचे. तामाल म्हणजे मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेलं. मी तर जन्मात केलेले नाहीत. शेवटी तांदळाचं पीठ, पिलोन्सियो आणि ओलं खोबरं आणलं, दोन्यांच्या मागच्या केळीची पानं कापली आणि तव्यावर पानग्या केल्या, आईच्या पद्धतीने. पहिल्या चार चिकटल्या. दोन्यांनी एक खाल्ली, पान उलटंपालटं करून बघितलं, मग आत जाऊन स्वतःच केलेली तामालेसची परात घेऊन आल्या. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, आदल्या दिवशीच करून ठेवले होते म्हणे.