थंडीचं कापणं, रागाचं कापणं

एका कथेचं इंग्रजी भाषांतर करताना मी लिहिलं होतं की रागाने त्याचे हात 'शिव्हर' होत होते. संपादकबाईंनी त्या शब्दाला गोल केला आणि समासात एवढंच विचारलं, 'याला थंडी वाजतेय का?'

माझ्या डोक्यात मराठीतलं 'कापणं' होतं. आपण थंडीने कापतो, भीतीने कापतो, रागानेही कापतो. इंग्रजीत शब्द निवडण्याआधी कारण बघावं लागतं. थंडी-ताप असेल तर शिव्हर. भीतीलाही तो चालतो, रागाशी मात्र त्याचं जमत नाही. तिथे 'ट्रेंबल विथ रेज'. 'शेक' कुठेही चालतो, अगदी हसून हसून अंग गदगदतं तेव्हाही.

'शडर' मात्र एका झटक्यात संपतो. किळस आली, नको ते आठवलं की अंग शहारतं ना, तो. नुसत्या विचाराने शहारे आले तर 'शडर ॲट द थॉट'. इथे 'विथ' नाही, 'ॲट'. बंद पडता पडता गाडी शेवटचा आचका देते, त्यालाही हाच शब्द.

सगळ्यात नाजूक 'क्विव्हर'. रडू फुटण्याआधीचं लहान मूल आठवा. खालचा ओठ पुढे येतो, मग त्याची कड बारीक थरथरायला लागते, डोळे अजून कोरडेच असतात. त्या दोन क्षणांसाठी मला याहून नेमका इंग्रजी शब्द सापडलेला नाही.

अवयवांचं मात्र दोन्हीकडे सारखंच. आपले दात वाजतात, त्यांचे 'चॅटर' करतात, म्हणजे चक्क बडबडतात! आपले पाय लटपटतात, त्यांचे गुडघे एकमेकांवर आपटतात.

'बॅडली शेकन' माणसाचे हात अगदी स्थिर असू शकतात. तो आतून हादरलेला असतो.

आणि 'शेक लाइक अ लीफ'. जुन्या इंग्रजीत हे पान बऱ्याचदा ॲस्पेन नावाच्या झाडाचं असे. त्याचा देठ चपटा, त्यामुळे जराशा झुळकीनेही पान थरथरतं. युरोपातल्या ॲस्पेनच्या शास्त्रीय नावातही 'ट्रेम्युला' आहे, म्हणजे थरथरणारा. हे कळलं तेव्हा मला पिंपळ आठवला. संस्कृतात त्याला चलदल म्हणतात, ज्याची पानं सतत हलतात तो. हा वाक्प्रचार मराठीत आणायची वेळ आली, तर मी पिंपळाचंच पान घेणार.